अवकाश-स्पर्धेच्या बक्षिसाची नियमावली कशी लिहावी

खासगी संस्थांनी अवकाशात उतरावे म्हणून बक्षीस जाहीर करू पाहणारे आयोजक बहुधा रकमेच्या चर्चेतच अडकून पडतात. प्रत्यक्षात स्पर्धा तरते किंवा बुडते ती नियमावलीतल्या दोन-तीन वाक्यांवर. म्हणून लेखणी आधी तिथे टेकवावी.

सर्वप्रथम, हाती असलेला प्रश्न बक्षिसाजोगा आहे की नाही, हे ताडून पाहावे. यश मोजपट्टीने, घड्याळाने किंवा तराजूने ठरवता येत असेल आणि तिथवर जाण्याचे एकाहून अधिक मार्ग संभवत असतील, तरच बक्षीस लावावे. ठरावीक वस्तूच हवी असेल तर सरळ निविदा काढलेली बरी. चंद्रावरच्या मातीसारखी तयार केलेली माती उकरण्याच्या नासाच्या स्पर्धेत 30 मिनिटांत किमान 150 किलो माती उकरून टाकणे ही मुख्य अट होती. 2007 आणि 2008 मध्ये ती कोणालाच पुरी करता आली नाही. 2009 मध्ये मात्र वूस्टर पॉलिटेक्निकमधल्या संघाच्या यंत्राने 439 किलो माती उकरून 5 लाख डॉलर नेले. वजनकाट्यापुढे वाद उरत नाही.

त्यानंतर यशाची व्याख्या लिहावी, आणि प्रत्येक अटीशी थांबून ‘ही अट नसती तर स्पर्धकाने कोणती पळवाट काढली असती?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा. अमेरिकी उद्योजक पीटर डायमँडिस यांनी 1996 मध्ये जाहीर केलेले आणि पुढे अन्सारी एक्स प्राइझ म्हणून ओळखले गेलेले 1 कोटी डॉलरचे बक्षीस या दृष्टीने शब्दाशब्दाने वाचण्याजोगे आहे. यान 100 किलोमीटर उंचीवर जावे, ही त्यातली सर्वांत ठळक, पण माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाची अट. यानात तीन माणसांची सोय हवी आणि वैमानिकाखेरीज दोघांच्या वजनाइतका भार तरी न्यायला हवा, या अटीमुळे एकट्या धाडसी माणसाला अग्निबाणाच्या टोकावर बसवून मोकळे होण्याची वाट बंद झाली. तेच यान दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा उडावे, ही अट एकदा वापरून टाकून देण्याच्या यानांना बाद करणारी होती. आणि दोन उड्डाणांमध्ये इंधन वगळता यानाच्या वजनाचा दहा टक्क्यांहून अधिक भाग बदलू नये, या अटीने ‘तेच यान’ या शब्दांना अर्थ दिला. विमान-रचनाकार बर्ट रुटान यांचे स्पेसशिपवन हे यान 29 सप्टेंबर 2004 रोजी कॅलिफोर्नियातल्या मोहावीहून उडाले, तेव्हा चढताना ते स्वतःभोवती गरगर फिरू लागले होते. संघाने कारण शोधले आणि 4 ऑक्टोबरला तेच यान पुन्हा 112 किलोमीटरपर्यंत नेऊन बक्षीस जिंकले. पुन्हा पुन्हा वापरता येणारे यान म्हणजे काय, हे त्या पाच दिवसांत सिद्ध झाले, आणि ते सिद्ध करून घेतले नियमानेच.

रक्कम ठरवताना ती सगळा खर्च भरून काढील, असे धरू नये. स्पेसशिपवनवर मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी 2 कोटी डॉलरहून अधिक पैसे ओतले होते. पुढे प्रवासी मिळतील, या अपेक्षेशिवाय असा हिशेब जुळत नाही. उलट, अमेरिकी हॉटेल-व्यावसायिक रॉबर्ट बिगेलो यांनी पाच जणांना पृथ्वीप्रदक्षिणा घडवणाऱ्या यानासाठी लावलेले 5 कोटी डॉलर जानेवारी 2010 मध्ये मुदत संपेपर्यंत पडूनच राहिले, कारण त्या कामाच्या खर्चापुढे ही रक्कम फारच तोकडी होती. आयोजकाकडे पूर्ण रक्कम नसेल, तर विम्याचा मार्ग आहे: कोणी जिंकलेच तर बक्षिसाची रक्कम विमा कंपनी भरते. गोल्फमध्ये एका फटक्यात चेंडू खळग्यात घालणाऱ्याला गाडी देण्याचे जाहीर करणारे आयोजक उतरवतात तसाच विमा अन्सारी बक्षिसासाठी उतरवला गेला होता. अर्थात विम्याबरोबर न हलणारी मुदत येते. इथे ती 2004 च्या अखेरीची होती.

मुदतीबाबत हात सैल ठेवण्याचा मोह गूगलच्या चांद्र-स्पर्धेत दिसला. 2007 मध्ये 3 कोटी डॉलरची ही स्पर्धा जाहीर झाली. चंद्रावर उतरून 500 मीटर फिरणे आणि चित्रफिती पाठवणे, असे काम होते. मुदत वाढत वाढत 31 मार्च 2018 पर्यंत आली, आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. बेंगळुरूचा टीम इंडस संघ शेवटच्या पाचांत होता, इस्रोच्या पीएसएलव्ही या अग्निबाणातून प्रक्षेपणाचा करारही झाला होता. पण यान तयार करणे आणि प्रक्षेपणाचे पैसे उभे करणे ही दोन वेगळी कामे आहेत. म्हणून मोठ्या स्पर्धेत टप्प्याटप्प्याची बक्षिसे पहिल्या दिवसापासून ठेवावीत. या स्पर्धेत ती 2015 मध्ये दिली गेली, पाच संघांना मिळून 52.5 लाख डॉलर, ज्यांपैकी 10 लाख टीम इंडसला उतरण्याच्या यंत्रणेसाठी मिळाले. अशी रक्कम आली की गुंतवणूकदारासमोर दाखवायला तिऱ्हाइताचे प्रमाणपत्र हाती येते.

परीक्षकांचे अधिकार लेखी असावेत, हे कलम हमखास राहून जाते. 2009 मध्ये नासाच्या चांद्र-अवतरण स्पर्धेत (यात चंद्रावर उतरण्याजोगी याने पृथ्वीवरच उडवून उतरवायची होती) मास्टन संघाची ठरलेल्या दिवसांतली प्रयत्नांची संधी संपली होती. परीक्षकांनी त्यांना आणखी एक दिवस दिला, त्या दिवशी त्यांचे यान उडाले आणि अधिक अचूक उतरून 10 लाख डॉलरचे पहिले बक्षीस घेऊन गेले. तोवर आघाडीवर असलेल्या आर्माडिलो संघाने उघड नाराजी व्यक्त केली. निर्णय योग्य असो वा नसो, जादा दिवस कोण, कधी आणि किती वेळा देऊ शकतो, हे आधी छापलेले असावे.

भारतात स्पर्धा घ्यायची असल्यास उड्डाणाची परवानगी इन-स्पेस या खासगी अवकाश-उपक्रमांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मिळवावी लागते. तिला लागणारा वेळ मुदतीत धरावा.

मसुदा तयार झाला की तो दोन अनुभवी अभियंत्यांना द्यावा आणि ‘कमीत कमी खर्चात, आमचा हेतू धाब्यावर बसवून हे बक्षीस जिंकून दाखवा’ असे सांगावे. ते जी युक्ती काढतील, तिच्यासाठी एक अट वाढवावी आणि मसुदा पुन्हा त्यांच्याकडे पाठवावा. दोघेही हात टेकतील, तेव्हाच घोषणेची तारीख ठरवावी.