अध्यापनाविषयीचा अभिप्राय सत्राच्या मध्यावर घ्यावा
विद्यार्थ्यांचा अभिप्राय सत्र संपल्यावर घेतला, तर त्याचा लाभ त्याच विद्यार्थ्यांना मिळत नाही. म्हणून प्राध्यापकांनी सत्राच्या मध्यावर, तासाची शेवटची 10 मिनिटे राखून, निनावी कागदावर दोनच प्रश्न विचारावेत: शिकताना कशाची मदत होते आणि कुठे अडते. विद्यार्थ्यांनी अध्यापनाला दिलेल्या गुणांची सरासरी, विशेषतः लहान वर्गात, दोन-तीन उत्तरांनीही बरीच बदलते. ‘फळ्यावरचे उदाहरण उतरवून होण्याआधीच पुसले जाते’ हे एक वाक्य मात्र लगेच कामी येते. पुढच्याच तासाला काय बदलणार आणि काय, कोणत्या कारणाने, बदलता येणार नाही, हे वर्गाला मोकळेपणाने सांगावे. माझ्या मते हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो गाळल्यास विद्यार्थी पुन्हा मनापासून लिहीत नाहीत. हे कागद प्राध्यापकांच्या वार्षिक मूल्यमापनासाठी वापरू नयेत.