नऊ मिलिमीटरच्या रुळावर कोणती गाडी धावेल?

छोट्या रेल्वेचे साहित्य घेताना खोक्यावरचे ‘एन’ हे अक्षर पाहून निश्चिंत होऊ नये. स्केल म्हणजे मूळ गाडीच्या तुलनेत प्रतिकृतीचा आकार आणि गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर. बहुतेकांची फसगत या दोहोंची गल्लत केल्यामुळे होते. एन गेज म्हणजे ९ मिलिमीटर हे ठरलेले आहे. पण त्यावरची गाडी युरोप-अमेरिकेची असल्यास १:१६०, ब्रिटिश असल्यास १:१४८ आणि जपानी असल्यास, शिन्कान्सेन ही बुलेट ट्रेन वगळता, बहुधा १:१५० असते. डब्यांतला हा फरक डोळ्यांना फारसा खुपत नाही. घरे, फलाट आणि माणसे मात्र एकाच स्केलची घ्यावीत.

आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर अंतर १:१६० ने लहान केले तर साडेदहा मिलिमीटर येते, म्हणजे एनच्या रुळावर भारतीय इंजिन दीड मिलिमीटर अरुंद पायांवर उभे राहते. ही तडजोड नको असेल, तर नागपूरकराने मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात एक फेरी मारावी. तिथल्या ७६२ मिलिमीटरच्या रुळाला ८७ ने भागल्यास ८.७६ येते, त्यामुळे सातपुड्यातली छोटी गाडी १:८७ मध्ये केली की ती याच ९ मिलिमीटरच्या रुळावर जवळजवळ अचूक बसते. फक्त एनचे स्लीपर या गाडीखाली फार बारीक आणि दाट दिसतात, म्हणून ते खडीत बुजवावेत.

गेज जुळले तरी रुळाची उंची तपासावी. ती ‘कोड’ने, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात. कोड ८० चा रूळ सुमारे २ मिलिमीटर उंच असतो, तर कोड ५५ चा १.४, जुन्या गाड्यांच्या चाकांची खोल कड या दुसऱ्या प्रकारच्या रुळाच्या खिळ्यांवर आपटू शकते. इंजिन लावण्याआधी एक डबा हाताने ढकलून पाहावा, खडखड लगेच ऐकू येते. काटो आणि टोमिक्स या जपानी कंपन्यांचे रूळ ९ मिलिमीटरचेच, पण त्यांचे सांधे परस्परांत बसत नाहीत आणि दुहेरी मार्गांमधील अंतरही अनुक्रमे ३३ व ३७ मिलिमीटर असते, म्हणून सुरुवातीलाच एक पद्धत निवडावी.

डिसेंबरच्या थंडीत अंथरलेला निकेल सिल्व्हरचा रूळ नागपूरच्या मे महिन्यात मीटरमागे सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. सगळे सांधे डाख देऊन पक्के केल्यास तो वाकतो. दर मीटरला एक सांधा किंचित फट ठेवून सैल सोडावा आणि विजेसाठी त्याच्यावर न विसंबता प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार जोडावी.