ग्रीक लेक्शनरीवर काम सुरू करताय? आधी हे वाचा

ग्रीक अक्षरं येतात आणि बायबल थोडंफार चाळलंय असं धरूनच लिहितेय. लेक्शनरी म्हणजे चर्चमध्ये वाचायच्या उताऱ्यांचं पुस्तक, इथे हाताने लिहिलेलं. त्यात शुभवर्तमान सलग नसतं, चर्चमध्ये ज्या दिवशी जे वाचायचं त्या क्रमाने उतारे लावलेले असतात, त्यामुळे मत्तय शोधत पहिलं पान उघडलंत तर बहुतेक वेळा योहान भेटेल, कारण सुरुवात ईस्टरपासून. मागचा भाग ठरलेल्या तारखांच्या सणांचा, तो १ सप्टेंबरपासून. ह्याची सवय लवकर होते, टेन्शन नको.

खरी गोची उताऱ्याच्या पहिल्या ओळीत आहे, आणि ती मी जरा ताणूनच सांगणारे. ईस्टरनंतरचा बुधवार घ्या, योहान १:३५. शुभवर्तमानात 'दुसऱ्या दिवशी पुन्हा योहान उभा होता' असं आहे. लेक्शनरीत 'दुसऱ्या दिवशी पुन्हा' गायब, त्या जागी 'त्या काळी'. नवीन माणूस खूश होतो, पाठभेद (प्रतीप्रतींतला शब्दांचा फरक) सापडला म्हणून नोंदवतो, मग पुढच्या उताऱ्यात पुन्हा 'त्या काळी', कुठे 'प्रभू म्हणाला', कुठे नुसत्या 'तो'च्या जागी 'येशू', आणि अख्खी वही अशा नोंदींनी भरते ज्यांचा मूळ पाठाशी काडीचा संबंध नाही. अहो, आदल्या दिवशी लूकचा उतारा वाचून झालाय, आता 'दुसऱ्या दिवशी' म्हटलं तर ऐकणाऱ्याने कशाचा दुसरा दिवस समजायचा? म्हणून ही जोड. पहिलं वाक्य वेगळ्या रकान्यात ठेवा, पाठभेद त्याच्या पुढून मोजा. पण ते फेकूनही देऊ नका, दोन लेक्शनरींची आपसात तुलना करताना तेच कामी येतं.

फोटोवरून मजकूर काढून देणारी सॉफ्टवेअर्स पहिलं वर्षभर लांब ठेवा, माझं ठाम मत आहे. डोळा तयार झाला नाही तर वाचनासाठीच्या सुरांच्या खुणा आणि साधे स्वराघात ह्यातला फरक कधीच कळणार नाही. आणि गाइडचं नाव किती मोठं ते बघू नका, शेजारी बसून एक पान अक्षर न अक्षर वाचून घेणारा शोधा. एका ओळीवर दुपार गेली तर घाबरू नका, अजूनही माझी जाते.

सुरुवात ब्रिटिश लायब्ररीतल्या हार्ली ५५९८ ह्या क्रमांकाच्या लेक्शनरीने करा. कॉन्स्टंटाइन नावाच्या धर्मगुरूने लिहिलेलं, अक्षरं मोठी आणि सुटी, तारीख २७ मे ९९५. अशा हस्तलिखितांत वर्ष जगाच्या उत्पत्तीपासून मोजतात, इथे ६५०३. हे वर्ष १ सप्टेंबरला बदलतं, त्यामुळे मे महिना म्हणून ५५०८ वजा करायचे, सप्टेंबर ते डिसेंबर असता तर ५५०९.