अर्जाची फाइल: आधी नाव जुळवा

परदेशी विद्यापीठात अर्ज करायचं ठरलं की बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी एसओपी, म्हणजे हाच कोर्स का करायचा ते सांगणारा निबंध, लिहायला बसतात. ते काम आपल्या हातातलं आहे. दुसऱ्याच्या सहीशिक्क्यावर अडणारी कामं आधी उरकायला हवीत.

पासपोर्ट, दहावीची आणि पदवीची मार्कशीट शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा अडत नाही, अर्जात पासपोर्टप्रमाणे नाव भरा. पण 'दीपक' एकीकडे डबल ई आणि दुसरीकडे आय लावून लिहिलेलं असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. ठाणेकरांना त्यासाठी कोर्ट नाका जवळचा. ते इंग्रजीतच करा, नाहीतर भाषांतराचा खर्च वर. चूक पासपोर्टातच असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातलं काम आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तारीख घेण्यापूर्वी संपवा. परीक्षेला नोंदवलेलं नाव आणि दाखवलेला पासपोर्ट जुळावाच लागतो.

मग मार्कशीट. इंजिनिअरिंगच्या आठही सेमिस्टरच्या हव्यात आणि केटी लागली असेल तर नापास झालेल्या प्रयत्नाचीसुद्धा. ती लपवू नका. ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या गुणांच्या एकत्रित उताऱ्यात, फरक दिसला की संशय तुमच्यावरच येतो. स्कॅन रंगीत, ३०० डीपीआयवर, दोन्ही बाजूंचा करा. मागची बाजू हमखास राहते आणि ग्रेडचा तक्ता बहुधा तिथेच असतो.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी हा तक्ता फार मोलाचा. तिथे आपला सीजीपीआय (सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी श्रेणी) सूत्राने बदलतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल आणि पासपुरत्या गुणांतल्या फरकाने भागायचं, ३ने गुणायचं, १ मिळवायचा. १०च्या श्रेणीत पासिंग ४ला असेल तर ८.२चे होतात १.९. बरीच मुलं ४ऐवजी ० धरून १.५४ काढतात. तिथे कमी आकडा म्हणजे चांगला, त्यामुळे अशी मुलं आवाक्याबाहेरच्या विद्यापीठांची यादी करतात आणि पैसे घालवतात. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखलाही, लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून मार्कशीट जमल्या की लगेच अर्ज टाका.

शिफारसपत्रासाठी सरांना किंवा मॅडमना किमान महिनाभर आधी भेटा. सोबत सीव्ही आणि त्यांच्या विषयातल्या प्रोजेक्टचं अर्ध्या पानाचं टिपण द्या, नाहीतर 'मेहनती व शिस्तप्रिय विद्यार्थी' एवढंच लिहून मिळतं. ईमेल पत्ता शक्यतो कॉलेजचा घ्या. कित्येक विद्यापीठं जीमेल स्वीकारत नाहीत. अर्जात नाव भरलं की विद्यापीठाची लिंक थेट त्यांच्याकडे जाते आणि अनेकदा स्पॅममध्ये पडते. त्याच दिवशी फोन करून ती शोधायला सांगा.