कॅटामरानवर काम शिकायचंय? आधी जलरेषा बघा

क्रूझिंग कॅटामरानवर, म्हणजे लांबच्या सफरीच्या जुळ्या सांगाड्यांच्या बोटीवर, नव्याने आलेली मुलं थेट इंजिनाकडे नाहीतर शिडांकडे धावतात. त्याआधी पाच मिनिटं धक्क्यावर उभं राहा आणि बोट पाण्यात किती बसलीय ते बघा. पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं.

13 मीटरच्या बोटीचे दोन्ही हल (पाण्यात बसणारे सांगाडे) मिळून पाण्याच्या पातळीवर साधारण 20 चौरस मीटर जागा व्यापतात. म्हणजे 200 किलो सामान चढलं की बोट 1 सेंटीमीटर खाली जाते, टनभर चढलं की 5. एरवी खालून निघून जाणाऱ्या लाटा मग मधल्या डेकच्या पोटावर आदळायला लागतात. सततच्या हादऱ्यांनी आतल्या बल्कहेडचे, म्हणजे हलमधल्या आडव्या भिंतींचे, जोड तडकतात. तळाच्या फळ्या उचला, टॉर्च तिरपा धरा. केसाएवढी रेघ दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. रेघ खुणेपलीकडे गेली की कॅप्टनला लगेच सांगा.

कॅटामरानच्या तळाशी शिशाचं वजन नसतं. आपल्या कोकणातल्या उलांडीच्या होडीसारखा तिचा तोल रुंदीतून येतो. त्यामुळे वारा वाढला तरी बोट फारशी कलत नाही, म्हणजे धोक्याची सूचनाच मिळत नाही. शीड कधी कमी करायचं ते अंदाजावर सोडू नका. बांधणाऱ्याने दिलेला वाऱ्याचा तक्ता पाठ करा, आणि सरासरी वारा न धरता झोताचा आकडा धरा.

वजन वाचवायचं म्हणून पाणी वाहून नेण्यापेक्षा बोटीवरच बनवतात. समुद्राचं पाणी गोडं करणारा, ऊर्जा परत वापरणारा 12 व्होल्टचा वॉटरमेकर तासाला 60 लिटर देताना साधारण 20 अँपिअर खातो. त्याचा मेम्ब्रेन (मीठ अडवणारा पडदा) बंदरातल्या तेलकट पाण्याने आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने खराब होतो. त्यामुळे मशीन उघड्या समुद्रातच चालवा आणि नंतर कार्बन फिल्टरमधून आलेल्या गोड्या पाण्याने धुवा.

एवढी वीज साठवायला लिथियम बॅटरी बसवतात. ती शिशाच्या बॅटरीपेक्षा कितीतरी हलकी असते, पण इथे नवखे हमखास फसतात. ती निम्मी रिकामी झाली तरी व्होल्टेज 13.2च्या आसपासच राहतं. व्होल्टमीटरवर विसंबू नका, शंटला (बॅटरीतून जाणारा-येणारा करंट मोजणाऱ्या पट्टीला) जोडलेला मॉनिटर बघा. दुसरं, ही बॅटरी ऑल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीज जनित्राकडून, मिळेल तेवढा करंट ओढते. इंजिन मंद चालू असताना पंख्याची हवा पुरत नाही आणि ऑल्टरनेटर तापतो. चार्जिंग चालू असताना बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) अचानक जोडणी तोडली तर व्होल्टेज उसळून ऑल्टरनेटरचे डायोड जळतात. म्हणून ऑल्टरनेटर शिशाच्या स्टार्टर बॅटरीला जोडावा आणि तिथून डीसी-टू-डीसी चार्जरने लिथियम भरावी. आमच्या मते हीच जोडणी सगळ्यात भरवशाची.

इंजिनं दोन, प्रत्येक हलच्या मागच्या टोकाला एक, आणि बहुतेक बोटींवर त्यांना सेलड्राइव्ह असतो, म्हणजे हलच्या तळातून खाली उतरणारा, प्रोपेलर फिरवणारा गिअरचा पाय. त्याची डिपस्टिक काढून तेलाचा रंग बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. बहुतेकदा मासेमारीची दोरी प्रोपेलरच्या शाफ्टला गुंडाळून सील कापते. नुसतं तेल बदलून भागत नाही, सीलही बदलावं लागतं, आणि त्यासाठी साधारणपणे बोट पाण्याबाहेर काढावी लागते. बोट वर आहे तोवर पायाचा धातू वाचवायला स्वतः झिजणारा झिंकचा तुकडा किती उरलाय तेही बघा. निम्मा झिजला असेल तर बदला. पाय ॲल्युमिनियमचा असतो, त्याला तांब्याचा अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा) रंग कधीच लावू नका, धातू खाऊन जातो.