बेरीज-वजाबाकी शिकवताना या चुका टाळा

पुण्यातल्या सहकारनगरात पहिली-दुसरीच्या मुलांना घरी गणित शिकवायला लागून मला बरीच वर्षे झाली आणि दर जूनमध्ये पालक त्याच तक्रारी घेऊन येतात. मुलाचे लक्ष नसते, गणित कच्चे आहे, रोज दोन पाने सोडवून घेतली तरी चुकतेच. वही उघडून पाहिली की बहुतेक वेळा दिसते ते असे की मूल मुळीच निष्काळजी नाही. ते नेमाने, एकाच पद्धतीने चुकत आहे. ती पद्धत न शोधता आणखी गणिते घालणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे, कारण मग चुकीचाच सराव पक्का होतो.

ही चूक मीही केली आहे. पहिलीतली एक मुलगी माझ्याकडे येत असे. तिची प्रत्येक बेरीज एकाने कमी आणि प्रत्येक वजाबाकी एकाने जास्त यायची : ८ + ५ म्हणजे १२, ६ + ३ म्हणजे ८, ८ − ३ म्हणजे ६. मी तीन आठवडे तिला रोज वीस-वीस गणिते दिली आणि तीन आठवडे ती तशीच चुकत राहिली. शेवटी एके दिवशी वही मिटून मी तिला मोठ्याने मोजायला सांगितले. एकेक बोट उघडत ती म्हणाली, "आठ, नऊ, दहा, अकरा, बारा." पाच बोटे झाली होती आणि उत्तर बारा आले होते. मिळवायच्या पाचांत ती हातातला आठही धरत होती. मी थांबवले तेव्हा तिने विचारले, "ताई, मी आठवर आहे ना, मग आठ नको मोजायला?" तिचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर कागदावर देता येण्यासारखे नव्हते.

पर्वतीची टेकडी आमच्यापासून जवळ आहे आणि तिला १०३ पायऱ्या आहेत. रविवारी सकाळी ती मुलगी, तिची आई आणि मी अशा आम्ही तिघी तिथे गेलो. आठव्या पायरीवर उभे राहून तिने पाच पायऱ्या चढायच्या, एवढेच सांगितले. पहिले पाऊल उचलून ठेवताना तिच्या तोंडून आपोआप "नऊ" आले, कारण ज्या पायरीवर आपण उभे आहोत ती चढून झालेली असते हे पायांना कळते. तेराव्या पायरीवर ती थांबली आणि मग स्वतःच उलटी तीन पायऱ्या उतरून दहावर आली. तेव्हापासून माझ्याकडच्या मुलांना मी एक सवय लावते : पहिली संख्या छातीवर हात ठेवून म्हणायची आणि पुढची संख्या म्हणतानाच पहिले बोट उघडायचे. जिना नसेल तर सापशिडीचा पटही चालतो.

बोटे वापरू नकोस असे मात्र कोणी सांगू नये. बंदी घातली की मूल टेबलाखाली बोटे मोजते आणि त्याची चूक आपल्याला दिसेनाशी होते.

दुसरी मोठी चूक हातच्याच्या वजाबाकीत होते आणि तिचे मूळ आपल्याच एका वाक्यात असते. सुरुवातीला आपण सांगतो की नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे. मूल ते प्रामाणिकपणे पाळते आणि ५२ − २७ करताना सातातून दोन, पाचातून दोन वजा करून ३५ लिहिते. मग घाईघाईने "शेजाऱ्याकडून एक उसना घे" ही युक्ती शिकवली जाते. ही युक्ती मला अजिबात आवडत नाही, कारण एक उसना घेतल्यावर दहा कसे मिळतात हे तिच्यातून कळत नाही, आणि उसने घेतलेले परत कधी करायचे असे एखाद्या मुलाने विचारले की शिकवणारेही गप्प होतात.

मी दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी समोर ठेवते आणि मुलाकडे सत्तावीस रुपये मागते. दोन नाण्यांतून सात देता येत नाहीत, तेव्हा दहाची नोट मोडावी लागते, हे किराणा दुकानात आईबरोबर गेलेल्या कोणत्याही मुलाला सांगावे लागत नाही. नोट मोडली की चार नोटा आणि बारा नाणी होतात, रक्कम तेवढीच राहते, आणि सत्तावीस दिल्यावर पंचवीस उरतात. महिनाभर माझ्या मुलांच्या तोंडी "दशक मोडला" हेच शब्द असतात. उभी मांडणी त्यानंतर. पाच वर्षांच्या मुलाला झटपट गणिताच्या वर्गात घालून तीन आकडी बेरजांचा वेग मोजणाऱ्या पालकांना हा महिना वाया गेल्यासारखा वाटतो. मला तो वर्षातला सर्वांत मोलाचा महिना वाटतो.

आपल्या संख्यानामांचाही विचार करावा. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५२ लिहिते. एकोणचाळीसमध्ये चाळीस ऐकू येते, म्हणून ४९ लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन दिले तेव्हा मोठा वाद झाला आणि गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची अडचण समजावून सांगितली होती. मी दोन्ही नावे शेजारी ठेवते. बेरीज चुकली तर ऐकलेली संख्या मुलाने बरोबर लिहिली आहे का, ते आधी तपासते.

२३ + ४ चे उत्तर ६३ येत असेल तर चौकटीची वही आणावी. चार दोनाखाली गेला आहे.

'एकूण' दिसले की बेरीज आणि 'उरले' दिसले की वजाबाकी, अशी खूण कृपा करून शिकवू नका. मूल गोष्ट वाचायचे सोडते आणि शब्द शोधू लागते. "ताईकडे ९ चिंचोके, दादाकडे ६, ताईकडे किती जास्त?" या प्रश्नात कोणी काहीच काढून घेत नाही, म्हणून वजाबाकी म्हणजे काढून घेणे एवढेच शिकलेले मूल ९ किंवा १५ सांगते. अशा वेळी मी दोन ओळी समोरासमोर मांडायला लावते आणि जोड्या लावून झाल्यावर ताईच्या ओळीत जोडीदाराविना राहिलेल्या चिंचोक्यांवर मुलाला बोट ठेवायला सांगते. ते तीन असतात.