बाबांचा हयातीचा दाखला, घरबसल्या

कळव्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही. पक्षाघातानंतर बाबा अंथरुणाला खिळलेले आणि बोटांचे ठसे मशीन घेत नाही. पेन्शन अडकायची वेळ आली होती. मग २०२१ मध्ये सुरू झालेली चेहरा-पडताळणी वापरली. माझ्याच मोबाइलवर ‘आधार फेसआरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ॲप घेतली. आधी ऑपरेटर म्हणून माझी नोंदणी, मग बाबांचा आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, बँक खातं.

खरी मेख उजेडाची! ट्यूबलाइट पाठीमागे असेपर्यंत चेहरा जुळेना. पलंग खिडकीकडे वळवला, मानेखाली दोन उशा दिल्या, म्हटलं, “बाबा, डोळ्यांची उघडझाप करा.” लगेच झालं. प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज जपून ठेवा. ८० पार केलेल्या केंद्रीय निवृत्तांना नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही, १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.